उकळलेली तोंडी

तुम्ही उकळलंत ते, साहेब. कैच्या, चिमटे आणि लोखंडी वाट्यांबरोबर एका माणसाचा आवाज तुम्ही पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकलात, खदखदत्या पाण्यात शिजवलात, आणि खाटेचा नंबर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या मुलीच्या हातात परत दिलात. आणि आता तुमचंच मंडळ दारात आलंय, काखेत फाइल मारून, तो माणूस बोलतो का ते तपासायला. चोर ते चोर आणि वर शिरजोर, असं आम्ही म्हणतो. तुमच्याकडे याला नियम म्हणत असतील. म्हणा बापडे. पण तुमच्या नियमाने काय शिजवलं ते एकदा ऐकून घ्या, कारण या घरात ते शिजवलेलं परत कच्चं करायचा प्रयत्न काल दुपारपासून चाललाय.

तुमच्या दवाखान्याचा फोन आला तेव्हा त्या माणसाची मुलगी माइकसमोर होती. बसडेपोच्या काचेच्या खोपटात बसून गाड्या पुकारणं हे तिचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, कुठून कुठे, किती उशिरा. दिवसभर बोलायचं आणि दिवसभरात कुणी उलटून एक अक्षर बोलायचं नाही, अशी ही नोकरी. पहिल्या वर्षी तिला वाटायचं, आपण शेकडो लोकांशी बोलतोय. मग कळलं की लोक ऐकत नाहीत, त्यांच्या गाडीचं गाव आलं की फक्त कान टवकारतात, कुत्र्यासारखे, आणि पुन्हा पाडतात. फोनवरच्या मुलीचा आवाजही तिच्यासारखाच होता, तासून गुळगुळीत केलेला. तुमच्या पेशंटची तपासणी उद्या सकाळी आहे, मंडळ घरी येईल, नातेवाइकांनी हजर राहायचं. कसली तपासणी? समज आहे का बघतात, प्रश्न विचारतात, उत्तरं आली की झालं. आणि नाही आली तर? नाही आली तर मग मागच्या इमारतीत, असं ती मुलगी म्हणाली, ही गाडी गेली तर पुढच्या गाडीने या म्हणावं तशी. हिने फोन ठेवला, माइकचं बटण दाबलं, म्हणाली, "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी," आणि पुढचं सुचेना. भोंग्यांतून नुसता तिचा श्वास जात राहिला. तेव्हा एक गंमत झाली. अख्ख्या डेपोने माना वर केल्या. इतकी वर्षं ती बोलत होती तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. ती गप्प झाली आणि सगळे भोंग्याकडे बघायला लागले. एका म्हातारीने येऊन काचेवर बोटं वाजवली. "बाई, लागलेली गाडी जाणार कुठं, ते तरी सांगशील की नाही?"

मागची इमारत तिने पाहिली होती. दवाखान्याच्या धुण्याच्या दोऱ्या ओलांडून गेलं की ती यायची. आत खाटांची एक लांब रांग, आणि माणसांना ठरल्या वेळी या कुशीवरून त्या कुशीवर वळवणाऱ्या दोन बायका. स्वच्छ होतं सगळं, खोटं कशाला बोला. पण तिथे कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पाणी हवं का, एवढंसुद्धा नाही. विचारायचं कशाला? ज्यांच्याकडून उत्तर येत नाही अशीच माणसं तिथे ठेवलेली. तिथे गेलं की ओठांचा आणि जिभेचा व्यायाम घेणाऱ्या बाई बंद, मालीश बंद, वळवणं चालू. एका खाटेवरच्या म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं होतं, आणि तिने ओळखीचं हसावं तसं हसून मान फिरवली होती, आपला नव्हे म्हणून.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती हार्डवेअरच्या दुकानात गेली. काळा पॉलिश पेपर, पाणी लावून घासायचा, एकदम बारीक. "गाडीच्या पत्र्याला हवाय का?" दुकानदाराने विचारलं. "तोंडीला," ती म्हणाली. दुकानदाराने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आणखी बारीक कागद काढून दिला. एरवी ती हसली असती.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून बाबांची खाट, समोर शोकेस, आणि मधल्या खुर्चीत ढोलकाका. काका वाहतूक खात्याच्या बँडात साइड ड्रम बडवायचे, बाबा क्लॅरिनेट वाजवायचे. दिवसा दोघं डेपोत, बाबा टायरच्या विभागात, आणि संध्याकाळी बटणांचा कोट चढवून बँडात. बँड मोडला, कोट मोडीत गेले, पण काका दुपारचे येऊन बसायचे राहिले नाहीत. एका कानाने ठार बहिरे, दुसऱ्याने अर्धवट. "तुझ्या बापाने जन्मभर फुंकलं आणि मी बडवलं," ते म्हणायचे. "म्हणून तो मुका झाला आणि मी बहिरा. हिशेब चुकता. आता आमचं भांडण होऊच शकत नाही." बाबा त्यांच्याकडे बघत पडलेले असायचे. झटका आल्यापासून चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली, उजवा हात दुसऱ्याचा कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा मांडीशेजारी. शब्द गेलेच होते. मान हलवायला सांगितली तर हो आणि नाही यांचा काला व्हायचा; हात दाबा म्हटलं तर दाबलेला हात सोडायचं राहून जायचं. डोक्यात कुठेतरी वायरी आडव्यातिडव्या झाल्या होत्या, असं व्यायामाच्या बाई म्हणायच्या. मुलीला तर वाटायचं की बाबा आत धडधाकट बसलेत आणि दाराची कडी तेवढी बाहेरून लागलीय.

तिने शोकेसची सरकती काच काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली, पाणी शिंपडून कागद तिला चिकटवला, आणि डब्यातून ती काढली. क्लॅरिनेटच्या टोकाला तोंडात धरायचा जो तुकडा असतो, माउथपीस, बँडातली माणसं त्याला नुसतं तोंडी म्हणत. कडक काळ्या रबराची. एका बाजूने चोचीसारखी उतरत गेलेली, दुसऱ्या बाजूने सपाट, आणि त्या सपाटीवर बोरूची पातळ पत्ती बसवून दोन स्क्रूंच्या कडीने आवळायची. पत्ती थरथरते आणि आवाज होतो. बाकीचं लांबलचक वाद्य त्या आवाजाला फक्त शिस्त लावतं, असं बाबाच एकदा म्हणाले होते, बोलत होते तेव्हा. चोचीच्या वरच्या अंगावर दोन खळगे होते, बाबांच्या वरच्या दातांचे, एक खोल आणि एक उथळ, कारण एक दात जरा पुढे. लहानपणी ती त्या खळग्यांत नखं घालून बसायची. आता ते खळगे तसेच होते, पण बाकी सगळं बदललं होतं. काळा रंग जाऊन शेवाळी, खाकी, आजारी म्हशीच्या पाठीसारखा रंग आला होता. वास येत होता काडी विझल्याचा, टायर जळल्याचा. म्हणजे बाबांच्या दिवसाच्या नोकरीचा वास त्यांच्या संध्याकाळच्या नोकरीला लागला होता. पत्ती बसायची सपाटी मध्येच खोलगट झाली होती, पत्ती ठेवली की खालून हवा पळायची. आणि चोचीचा एक कोपरा उडाला होता, उकळताना कैचीवर आपटून.

ही उकळली गेली ती कशी? बाबांना काहीतरी मागायचं होतं. दवाखान्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत बाबा डाव्या हाताची बोटं ओठांपाशी नेऊन हलवायचे. भूक लागलीय, असं सिस्टर म्हणाली आणि पेज भरवली. पुन्हा बोटं, पुन्हा पेज. पोट तट्ट फुगेपर्यंत सगळ्यांनी मायेने त्यांना पेज भरवली. मग काका भेटायला आले, बघितलं, आणि वॉर्डाला हादरा बसेल अशा आवाजात ओरडले, "अगं, भूक कसली डोंबलाची! तोंडी मागतोय तो!" तिने पर्समध्ये लपवून ती नेली. पत्ती लावून ओठांच्या डाव्या कोपऱ्यात दिली. उजवीकडून हवा गळत होती, तरी बाबांनी डोळे मिटले, छाती भरली, आणि बदकाची मान पिरगाळावी तसा एक चिरका आवाज काढला. अख्खा वॉर्ड दचकून जागा झाला. हात ऐकत नव्हता, मान ऐकत नव्हती, पण श्वास ऐकत होता. तो इतकी वर्षं त्यांच्या हुकमात राहिलेला, त्याच्या वायरी वेगळ्याच खांबावरून गेलेल्या असणार. मग तिने ठरवून दिलं. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. पाणी? एकदा. खिडकी लावू? दोनदा. घरी जायचंय? एकदा, आणि तो एक सूर त्यांनी इतका ताणला की शेजारच्या खाटेवरचा माणूस रडायला लागला. वॉर्डात तक्रारी झाल्या. पोंगा वाजवतो म्हातारा. मोठ्या साहेबांची फेरी आली, त्यांनी चष्म्याखालून बघितलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, पेशंटच्या तोंडात जाणारी वस्तू निर्जंतुक नको का करायला? एवढंच. काढून घ्या म्हणाले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने पिशवी आणून दिली. "एकदम स्वच्छ करून दिलंय हं, ताई." पिशवी अजून कोमट होती. आणि हिने काय केलं? हिने पिशवीतला तो शेवाळी तुकडा बघितला आणि म्हणाली, "थँक्यू, सिस्टर." हे थँक्यू तेव्हापासून तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलेलं. गाडी पुकारताना मध्येच टोचायचं.

तिने सपाटीवर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि तोंडी कागदावर घासायला लागली. पुढे, मागे. दर थोड्या वेळाने उलटून बघायचं. कडांच्या रेघा पुसल्या जायच्या, मधल्या तशाच राहायच्या. मधल्या पुसल्या गेल्या की सपाट झालं म्हणायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बाबांना बघून आलेलं होतं. बघून आलेलं आणि इतकी वर्षं न वापरता तसंच ठेवलेलं, माळ्यावरच्या पेटीसारखं. पुढे, मागे. हातांना कामाची लय लागली तसं डोकं भटकायला लागलं. झोप. तिला शेवटची सलग झोप कधी लागली होती ते आठवेना. गेल्या महिन्यात एका दुपारी बाबांना वळवता वळवता तिच्या मनात मागची इमारत आली होती, आणि भीती वाटायच्या आधी एक क्षणभर बरं वाटलं होतं. त्या दोन बायका त्यांना वळवतील आणि मी घरी पडेन, दार लावून, आडवी, उभी, वाटेल तशी. तो क्षण तिने कुणाला सांगितला नव्हता. पण तो होता, आणि तोही आता तिच्याबरोबर कागदावर पुढे-मागे घासला जात होता.

बाहेरच्या खोलीत बाबा गादीवर डावा हात आपटायला लागले. ती ओल्या हातांनी धावली. पाणी? पेला तोंडाशी नेला तर त्यांनी तोंड मिटलं. उशी? पंखा? भांडं देऊ? हात आपटणं चालूच. "बाबा, काय हवंय काय तुम्हाला? मी इथे तुमचंच करतेय ना!" ती ओरडलीच. तिचा डेपोचा आवाज खोलीत भोंग्यासारखा घुमला. काका खुर्चीतून वाकले, आपल्या बऱ्या कानाने नव्हे, तर डोळ्यांनी ऐकावं तसे बाबांच्या हाताकडे बघत राहिले. हात आपटत नव्हता. गादीवरून ओढला जात होता, स्वतःकडे, मग उचलून परत पुढे, मग पुन्हा स्वतःकडे. "अगं ए शहाणे," काका म्हणाले, "तू पुढे-मागे घासतेयस. आवाज ऐकतोय तो आतून. एकाच बाजूने ओढ म्हणतोय. पुढे नेताना उचल, नाहीतर कडा गोल होतील." तिने बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते, हात थांबला होता. तिला वाटलं, एवढे दिवस मी यांना काय विचारलं? पाणी का, खिडकी का, भांडं का. मीच ठरवून दिलेले दोन शब्द, एक हो आणि एक नाही. ज्या माणसाने अख्ख्या बँडाला वळण लावलं त्याला मी कोंबडीएवढी भाषा दिली आणि वर म्हणाले, बघा, माझे बाबा बोलतात. पेज भरवणारी सिस्टर आणि मी, फरक काय तो पेल्याचा.

मग ती एकाच बाजूने ओढत राहिली. काका स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून गप्पा मारायला बसले, म्हणजे ते बोलत राहिले. बँडात सूर लावायचा कसा तुझ्या बापाने, माहितीय? क्लॅरिनेटने एक सूर द्यायचा आणि बाकीच्यांनी एकेकाने त्याला मिळवून उत्तर द्यायचं. सगळीकडे असंच असतं, पण दुसरीकडे दोघांनी दिलं, चौघांनी दिलं की चला पुढे. हा हट्टी. शेवटच्या माणसाचं उत्तर आल्याशिवाय ओठ काढायचा नाही. दम संपला तर नाकाने घेऊन पुन्हा तोच सूर. एकदा खात्याचे सगळ्यात मोठे साहेब झेंड्याखाली सलाम ठोकून उभे, आणि ट्राँबोनवाला गेलेला आडोशाला बिडी प्यायला. हा आपला सूर धरून उभा. साहेबाचा हात थरथरायला लागला, बँडमास्तर डोळे वटारतोय, मी मागून याला काठीने ढोसतोय, हा हलेल तर शपथ. शेवटी तो बिडीवाला पँटची बटणं लावत धावत आला, भोंऽ करून उत्तर दिलं, तेव्हा कुठे. "आणि मला तर बघ ना, ड्रमला कुठला आलाय सूर? पण माझ्यापाशीही थांबायचा. एक टक् करून काठी वाजवायला लागायची. मी म्हटलं, अरे बाबा, मी कशाला? तर म्हणतो, तू आहेस ना इथे? मग आहेस म्हणून सांग." काका हसले आणि हसता हसता डोळे पुसले.

कागदावर शेवाळी चिखल जमला होता. तिने तो वाळू दिला, बोटाने गोळा केला, आणि उडालेल्या कोपऱ्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडून त्यावर ती पूड दाबली. त्याच्याच अंगाचं पीठ त्याच्याच जखमेत. वाळल्यावर अलगद घासून टोकाची धार आणली, पत्तीशी मिळवली, धुतली. मग तपासणी. पत्ती तोंडात भिजवून बसवली, कडी आवळली, खालचं भोक तळहाताने बंद केलं, चोच ओठांत घेतली आणि आतली हवा ओढून घेतली. सपाटी नीट असली तर पत्ती चिकटून राहते आणि क्षणभराने टप् करून सुटते. नाही चिकटली. पुन्हा कागद. पुन्हा नाही. तिचे वरचे दात बाबांच्या खळग्यांवर टेकत होते आणि बसत नव्हते. तिचे दात सरळ, आईवर गेलेले. जिभेवर जळक्या रबराची चव. पुन्हा कागद.

दिवेलागणीला दादा आला, तिचा थोरला भाऊ. रोज कामावरून परस्पर यायचा, कमरेला पट्टा बांधायचा, बाबांना उचलून बसवायचा, पुसून काढायचा आणि मग घरी जायचा. त्याने काच बघितली, चिखल बघितला. "हे काय, सुतारकी काढलीस की काय?"

"उद्या ते येतायत, दादा."

"मलाही फोन होता." त्याने बाबांच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले, आणि तान्ह्या पोराला उचलावं तसं एका दमात त्यांना उशीशी टेकवलं. ओठ दाबून धरले होते, कमरेतून कळ गेली असणार. "आणि उद्या तुझी पिपाणी वाजली म्हणजे काय होईल? ते काय पिपाणी मोजतात?"

"मग काय मोजतात?"

"उत्तरं मोजतात. अगं, माझी कंबर गेली, तुझी झोप गेली. बाबांना तरी यातून काही मिळतंय का? तिथे निदान वेळच्या वेळी कूस बदलतात."

"कूस तर मेल्यावरही बदलतात."

"हां, बोल. तुला बोलायला काय जातंय, बोलायचाच पगार घेतेस." मग तो खाली बसला आणि ओल्या फडक्याने बाबांच्या बोटांच्या बेचक्या पुसायला लागला, एकेक, सावकाश. तिने पत्ती पुन्हा बसवली आणि चोच ओठांत घेतली. तो दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं. त्याने मान वर न करता विचारलं, "वाजते का ती?" आणि तेवढ्यात तिच्या ओठांत पत्ती चिकटली, थांबली, थांबली, आणि टप् झालं.

बाबांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात तिने ती दिली. नुसती हवा गेली, फुस्स. दुसरी पत्ती लावली. पुन्हा फुस्स, आणि मग आवाज आला. पण तो जुना आवाज नव्हता. जुना आवाज काळा होता, तेल लावलेल्या केसांसारखा. हा खाकी, खरबरीत, ज्याचं कातडं सोलून पुन्हा बसवलंय असा. बाबांनी तोंडी काढली, नव्या कोपऱ्यावरून जीभ फिरवली, पुन्हा धरली. "बाबा, उद्या प्रश्न विचारतील हं. हो असेल तर एकदा. विसरला नाहीत ना? करून दाखवा बघू. हा दादा आहे ना? हो?" बाबा तिच्याकडे बघत राहिले. वाजवलं नाही. "दादा आहे ना हा, बाबा?" दादाने बादली उचलली आणि मोरीत गेला.

सकाळी मंडळ आलं. मंडळ म्हणजे एकच बाई निघाली, तीन मजले चढून दमलेली, डोळ्यांखाली काळं, हातात फाइल आणि पेन. तिने पाणी मागितलं, घटाघटा प्यायली, खाटेसमोरच्या खुर्चीत बसली. ही माझ्यासारखीच आहे, हिच्याकडेही माणूस एकच आणि काम चौघांचं, असं मुलीला वाटलं आणि त्याचाच राग आला. काका स्वयंपाकघरात चहाचं बघत होते. दादा दाराला टेकून उभा. मुलीने तोंडीची गोष्ट सांगितली, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. उकळण्याचंही सांगितलं, सगळं, साहेबांच्या फेरीपासून कोमट पिशवीपर्यंत. बाई पेन हातात धरून ऐकत होती. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला फक्त प्रश्न दिलेत." आणि तिने प्रश्न सुरू केले. हे पेन आहे का? बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यात तोंडी होती, डावा हात तिला धरून होता. शांतता. बाईने फुली मारली. आपण आत्ता बाजारात आहोत का? शांतता, फुली. माणसाला हात दोन असतात का? मुलीने मनातल्या मनात एकदा, एकदा, असं इतक्या जोराने म्हटलं की तिचे ओठ हलले. फुली. दादाने नजर जमिनीकडे वळवली. दगड पाण्यावर तरंगतो का?

बाबांनी डोळे मिटले, छाती भरली, आणि वाजवलं. एक सूर. काहीच नसल्यातून सुरू झालेला, हळूहळू भरत गेलेला, आणि मग खांबासारखा उभा राहिलेला. बाईने थोडं थांबून फाइलकडे वाकत म्हटलं, "म्हणजे हो. दगड तरंगतो म्हणतायत," आणि फुलीसाठी पेन टेकवलं. सूर थांबला नाही. दम संपला, नाकपुड्या फुगल्या, श्वास घेतला, आणि पुन्हा तोच सूर, तसाच उभा. बाई म्हणाली, "बास, आजोबा, कळलं." मुलगी पुढे झाली, तोंडी काढून घ्यायला, कारण आता सगळं संपलं होतं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. चहाचा चमचा बशीवर, एकदाच, कडक. अर्धबहिऱ्या माणसाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

तिचा हात तिथेच राहिला. तिच्या पायांतून काहीतरी वर चढत आलं, पोटात, घशात, जिथे ते थँक्यू अडकलं होतं तिथे. तिने तोंड उघडलं आणि तो सूर धरला, शब्दाविना, पुकारायच्या त्याच आवाजात, पण या वेळी कुणी तरी तिला विचारलं होतं. बेसूर लागला, खाली आला, मग मिळाला. बाबांचे डोळे उघडले, तिच्यापाशी थांबले, आणि पुढे सरकले, दाराकडे. दादा उभा होता. त्याने कमरेचा पट्टा चाचपला, घसा खाकरला, जन्मात कधी गायला नव्हता तो. "आं," असं काहीतरी म्हणाला, बसक्या आवाजात, आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. बाबांचे डोळे त्याच्यापाशी थांबले आणि पुढे सरकले. खोलीत आता एकच माणूस उरलं होतं. बाबांनी नाकाने श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा उभा केला, त्या बाईच्या डोळ्यांत बघत. बाईचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पुढे जात नव्हतं. ती मुलीकडे वळून म्हणाली, "काय म्हणायचंय त्यांना?" आवाज जरा खाली आला होता तिचा.

"तुम्हीच सांगायचंय, बाई," मुलगी म्हणाली.

तर हे असं आहे, साहेब. तुम्ही फेरीवर असाल, चष्म्याखालून कुणाच्या तरी खाटेकडे बघत असाल. तुमच्या बाईला आम्ही दोष देत नाही, तिला तुम्ही प्रश्न दिलेत, उत्तर द्यायची परवानगी दिलेली नाही. दगड तरंगत नाही, हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे, खाटेवरच्या माणसाला तर तुमच्याआधीपासून. त्याने तुमच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही, कारण त्याने स्वतःच एक प्रश्न विचारलाय. चमच्याने उत्तर दिलं. मुलीने दिलं. मोडक्या कमरेच्या मुलाने दिलं. तुमचं यायचंय. शेवटच्याचं आल्याशिवाय तो ओठ काढत नाही, ही त्याची जुनी खोड आहे, आणि तुमच्यासारखे साहेब त्याने याआधीही उभे ठेवलेत. त्याचा दम फार नाही. तुम्ही आहात ना तिथे? मग आहात म्हणून सांगा. बोला.